अंगावर असताना

"अगं, अंगावर आहे! अंगावर असताना कात्री लावतात का कुणी?"

मामंजींचा तो आवाज मास्तरीणबाईंच्या कानात अजून जशाचा तसा आहे. नवी नवरी होत्या तेव्हा, सासरच्या शिंपीकामाच्या दुकानात बसायला नुकती सुरुवात केली होती. एक गिऱ्हाईक नवाकोरा सदरा घालून आरशापुढे उभं होतं आणि बाहीच्या टोकाला एक दोरा लोंबत होता. एवढुसा दोरा. त्यांनी चटकन कात्री उचलली, तोच कोपऱ्यातून मामंजी असे कडाडले की गिऱ्हाईकच दचकून आरशाला टेकलं.

मग जवळ बोलावून, आवाज पार खाली आणून म्हणाले, "सूनबाई, कपड्यात खोट दिसली तर खडूनं खूण कर. टाचणीनं धर. मग म्हण, जरा काढून द्या. टेबलावर आला की तो नुसता कपडा. मग काप, उसव, हवं तर फाड. पण अंगावर आहे तोवर तो कपडा नाही, तो माणूस आहे. कात्रीला तो फरक कळत नाही. आपल्याला कळायला पाहिजे." आणि पट्टीनं टेबलावर ताल धरत, जणू पाळणाच म्हणतायत अशा सुरात म्हणाले:

*खडूनं रेखावं, टाचणीनं धरावं,*
*उतरून कापावं, मग बाई.*

मामंजी गेले. त्यांचा मुलगा आता मास्तर झाला. त्याच टेबलाशी उभा राहून कोट बेततो, म्हणून गल्लीनं ह्यांना मास्तरीणबाई केलं. कात्र्या बदलल्या, मशीन बदललं, आरशाचा पारा कडेनं उडाला. ती ओळ मात्र तिथंच राहिली, टेबलाच्या लाकडात मुरलेल्या खडूसारखी.

मास्तरांच्या हाताला माया होती आणि जिभेला धार. एकाच माणसाला दोन्ही देताना देवानं काय विचार केला असेल, हा प्रश्न बाईंना लग्नापासून पडलेला होता. फाटक्या खिशात हात घालून आलेल्या म्हाताऱ्याचा खिसा मास्तर फुकट शिवून देत, आणि देताना म्हणत, "आता ह्यात अक्कल भरा थोडी." म्हातारा हसत जाई, कारण हात बघितलेला असे. ज्यांनी हात बघितलेला नसे, ते मात्र पुन्हा दुकानाची पायरी चढत नसत.

समोरच्या बाजूला, गल्ली ओलांडली की घड्याळजींचं दुकान. दोन खांब मावतील एवढंच रुंद. आत एका डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी आणि भिंतीवर, प्रत्येकाचं मत वेगळं अशी पंधरा-वीस घड्याळं. मास्तर आणि ते एका बाकावर शिकलेले. एकाची पाटी फुटली की दुसऱ्यानं मार खाल्लेला. मास्तर देव मानणारे, घड्याळजी न मानणारे. पण लहानपणी त्यावरून फक्त चिडवाचिडवी व्हायची, आणि चिडवाचिडवीनं कुणाचं काही तुटत नाही.

तुटायची वेळ आली ती घड्याळजींची बायको गेली तेव्हा. दवाखान्याच्या जिन्यात मास्तर म्हणाले, "आता तरी हात जोड." घड्याळजी म्हणाले, "कुणापुढे? ज्यानं तिला नेलं त्याच्यापुढे?" आणि दोघांचे हात एकमेकांच्या गळपट्टीपर्यंत गेले. बाई मधे उभ्या राहिल्या म्हणून निभावलं. त्या दुपारी मास्तर दुकानात आले, मशीनवर बसले आणि सुईत दोरा न ओवताच पाय मारत राहिले. नुसतं मशीन चालत होतं, खाली कापड नाही, वर दोरा नाही. बाईंनी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

पुढे दोघांनी ठरवलं की हा विषय दुकानात काढायचा नाही. चहा दुकानात, हसणं दुकानात, देव बाहेर. पण विषय म्हणजे मांजर. दारातून हाकललं की खिडकीतून येतं. ते आलं फोनमधून.

गल्लीतल्या औषधवाल्यानं एक गट काढला होता, 'शंका आणि श्रद्धा' नावाचा. फुलवाली मावशी त्यात, शाळेची बस चालवणारे काका त्यात, आणखी बरेच. कुणीतरी प्रश्न टाकायचं, बाकीचे उत्तरं द्यायचे. मास्तर आणि घड्याळजी तिथं भिडले. पण इथं एक गोष्ट होती, जी गटात कुणालाच ठाऊक नव्हती.

मास्तरांना फोनवर लिहिता येत नसे. अक्षर येत होतं. बोटच काचेला कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात कात्रीनं आणि सुईनं अंगठ्याला, तर्जनीला असे घट्टे पडले होते की काचेवर दहा वेळा टेकवलं तरी फोन ढिम्म. "ह्याला माणूस शिवतोय हेच कळत नाही," मास्तर वैतागायचे. म्हणून ते सांगायचे आणि बाई लिहायच्या. मास्तरांचे हात मशीनवर, पाय पायट्यावर, तोंडात टाचण्या.

"लिही," दातांमधून ते म्हणायचे. "लिही, घड्याळ्या, तुझ्या डोक्यात मेंदू नाही, स्प्रिंग आहे. तीही गंजकी."

बाई लिहायच्या: *तू म्हणतोस, यंत्राच्या नियमानं सगळं उलगडतं. मला वाटतं, ज्याला चावी देता येत नाही असंही काही असतं.*

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"स्प्रिंग घातलीस ना?"

"चावी घातलीय."

"चालेल. तेही त्याला झोंबेल."

मास्तर परत वाचत नसत. "मारलेली टीप मी उसवून बघत नाही," म्हणायचे. उत्तर आलं की बाई वाचून दाखवायच्या. घड्याळजींचं उत्तर यायचं: *मास्तर, पटलं नाही, पण विचार करतोय. चावी देता येत नाही असं काय, एखादं उदाहरण दे. ऐकतो.*

"बघ!" मास्तर टाचण्या काढून म्हणायचे. "चार शब्द हाणल्याशिवाय माणूस वळणावर येत नाही."

बाई गालातल्या गालात हसायच्या. त्या खोटं लिहीत नव्हत्या. मास्तरांचा मुद्दा तोच राही. फक्त तो घड्याळजींच्या अंगावरून उतरवून टेबलावर ठेवायचा, एवढंच त्या करत. *तू मूर्ख आहेस* मधलं *तू* काढलं की खाली एखादं म्हणणं उरतंच, ते मांडायचं. 'तुझ्यासारख्यांना काय कळणार' असं आलं की त्या शोधायच्या, काय कळायला हवं आहे ह्यांना? ते लिहायच्या. त्यांना त्यात काही मोठं वाटत नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या मापानं कपडे बेतल्यावर हाताला तेवढं येतंच.

गटात मास्तरांचं नाव झालं. फुलवाली मावशी एकदा लिहून गेली, *वाद असावा तर मास्तरांसारखा. भाषा कशी अस्तरासारखी मऊ!* बाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा मास्तर क्षणभर थांबले.

"मऊ? मी?" मग मान ताठ करून म्हणाले, "हं. खरं बोलणाऱ्याचा असतो एक मऊपणा."

आणि घड्याळजी दुपारच्या चहाला येऊन भिंतीवरच्या जुन्या घड्याळाला चावी देताना बाईंना म्हणायचे, "वहिनी, हा माणूस समोर बसला की काटेरी तार. लिहायला लागला की लोकर. कुठून येतं हो हे?"

"असेल कुठून तरी," बाई म्हणायच्या आणि कप विसळायला आत जायच्या.

अशी दोन वर्षं गेली. मग कोटाचं निघालं.

घड्याळजींची मुलगी दूर शिकायला होती. तिला पदवी मिळणार होती, समारंभ होता, बाबांनी यायचंच असा हट्ट होता. घड्याळजी तयार कोट घ्यायला निघाले, तर मास्तरांनी त्यांना गल्लीतच अडवलं. "माझ्या मढ्यावरून जा आधी." मग घड्याळजी एका कागदात गुंडाळून एक शाल घेऊन आले. करवंदी रंगाची, कडेला विरलेली. "हिची आहे," म्हणाले. "कुठं वापरता येईल का बघ. नाहीतर राहू दे."

मास्तरांनी शाल हातात घेतली. उजेडाला धरली. विरलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. बाईंना वाटलं, आता काहीतरी तिरकस येणार. पण ते म्हणाले, "अस्तराला घेऊ. बाहेरून कुणाला दिसणार नाही. तुला आतून लागेल."

आणि ते अस्तर त्यांनी मशीनवर घातलं नाही. मशीन जुन्या कापडाला ओरबाडतं, म्हणून हातानं, एकेक टाका, मुंगी चालावी तसा. बाई बघायच्या आणि मनात म्हणायच्या, ह्या माणसाला जीभ नसती तर संत झाला असता.

मग एका सकाळी दुकानात एक बाई जाकिटाचं माप द्यायला आल्या होत्या. मास्तर माप सांगत होते आणि मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, बगलेत आत दाबायला कापड जरा जास्त ठेवलं तर? पुढे सैल करता येईल."

"दुकान कुणाचं?" मास्तर म्हणाले.

गिऱ्हाईक बाई आरशात बघू लागल्या. मास्तरीणबाईंनी सांगितलं तेच माप लिहून घेतलं. मास्तरांचं कशावरून तरी आधीच बिनसलेलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. गटात घड्याळजींनी लिहिलं होतं. बाईंनी वाचून दाखवलं:

*माझी बायको आजारी होती तेव्हा ह्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे. पण ती प्रार्थना कुणी ऐकली, असं मला म्हणता येत नाही. ज्यांना म्हणता येतं, त्यांनी मला समजावून सांगावं. मी खरंच विचारतोय.*

मास्तरांचा पाय पायट्यावर थांबला. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी चारचौघांत त्यांच्या खिशात हात घातलाय.

"लिही," ते म्हणाले. "ज्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही, त्यानं उजेडाच्या गोष्टी करू नयेत. तुझ्यासारख्यानं एकदा तरी हात जोडले असते, तर वर कुणी ऐकलंही असतं."

बाईंचं बोट काचेवर अधांतरी राहिलं. "अहो, हे नको."

"काय नको?"

"असं नको लिहायला. त्यांनी विचारलंय साधं. आपण जरा—"

"आपण?" मास्तर खुर्चीतच वळले. "तू हमाल आहेस, हमाल. ओझं इथून उचलायचं, तिथं ठेवायचं. गाठोडं सोडून आत बघायचं नाही. अक्कल माझी, बोट तुझं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर बघ."

गिऱ्हाईक बाई हसल्या. वाईट हेतूनं नसेल; माणूस अवघडला की हसतो. पण ते हसू मास्तरीणबाईंच्या काळजात टाचणीसारखं गेलं, आणि टाचणी गेली की माणूस आधी दुखऱ्या जागेकडे बघतो, जगाकडे नाही. दोन वर्षं ज्याची लोकर गल्ली वाखाणत होती, ती कातली कुणी? विणली कुणी? हमालानं?

बरं, त्या मनात म्हणाल्या. हमाल तर हमाल.

आणि त्यांनी लिहिलं. ज्याच्या घरात. दिवा लावायला. एकेक अक्षर, काना-मात्रेसकट, जसं तोंडातून आलं तसं. आणि बोट टेकवलं. त्यांच्या बोटाला घट्टे नव्हते. काचेला लगेच कळलं.

आधी काहीच झालं नाही. गिऱ्हाईक गेलं. मशीन पुन्हा सुरू झालं. बाईंनी काचेतून समोर बघितलं. घड्याळजींनी फोन हातात घेतलेला दिसला. डोळ्यावरचं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं, वाचलं, भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं आणि तसंच फोनकडे बघत राहिले. जणू इतकं बारीक काहीतरी तुटलंय, की भिंगाशिवाय दिसणार नाही.

मग उत्तर आलं.

*मास्तर, माझ्या घरात दिवा मी लावतो. तुझा देव तुझ्यासारखाच असेल, तर बरं झालं मी त्याच्यापुढे वाकलो नाही.*

मग बाकीचे उतरले. बसवाले काका म्हणाले, *श्रद्धा नसलेली माणसं अशीच कोरडी.* फुलवाली मावशी उसळली, *कोरडी कुणाला म्हणता? तुमच्या घरातली ओल गल्लीला ठाऊक आहे.* कुणी कुणाच्या आईबापांचं काढलं, कुणी कुणाच्या धंद्याचं. *तुम्ही लोक* आलं. *तुमच्यासारखे* आलं. *आधी स्वतःकडे बघा* आलं. औषधवाला बिचारा मधेमधे लिहीत होता, *विषयाला धरून बोला, विषयाला धरून बोला.* विषय केव्हाच टेबलाखाली पडला होता. प्रार्थना ऐकली जाते का, हे आता कुणीच विचारत नव्हतं. सगळ्यांच्या हातात कात्री होती आणि सगळे कपडे अंगावर होते.

"काय म्हणतोय?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी वाचलं. मास्तर आधी तांबडे झाले, मग पांढरे.

"मी काय नवं बोललो? दोन वर्षं हेच बोलतोय! ह्याहून तिखट बोललोय. तेव्हा म्हणे ऐकतो, विचार करतो, उदाहरण दे. आणि आज एकदम माझा देव काढला?"

"काढून टाकू का आपलं लिहिलेलं?"

"शब्द माझे आहेत. मी मागे घेणार नाही."

बाईंनी फोन टेबलावर पालथा घातला.

दुपारी चहाला घड्याळजी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाला चावी तेच देत असत. ते हळूहळू दमत गेलं आणि एका सकाळी लंबक मधोमध उभा राहिला. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, स्टूल घेतलं, वर चढले, चावीला हात लावला आणि तसेच खाली उतरले. "राहू दे बंद," म्हणाले. "नाहीतरी कुठं जायचंय."

कोट टेबलावर होता. बाह्या कच्च्या टाक्यांवर, गळा अर्धवट, आत करवंदी अस्तर. मास्तर त्याला हात लावत नव्हते आणि घडीही करत नव्हते.

शेवटी बाईच गल्ली ओलांडून गेल्या. घड्याळजी चिमट्यानं केसासारखी स्प्रिंग धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊजी."

"वहिनी, उद्या कोट घेऊन जातो. आहे तसा द्या. मजुरी होईल ती सांगा."

"अर्धवट आहे अजून."

"मी पण." मग स्प्रिंगकडेच बघत म्हणाले, "एक सांगू? मला रागाचं काही नाही. राग येतो, जातो. मला वाटतं ते वेगळंच. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो. रोज. हिच्या माघारी रिकाम्या घरात बसून तेच वाचायचो. म्हणायचो, बघ, समोर बसून जे जमलं नाही ते लिहून जमतंय. माझा मित्र किती खोल आहे. आणि त्याच माणसानं..." चिमटा जरा जास्त दाबला गेला, स्प्रिंग निसटून कुठंतरी उडाली. "गेली. आता ही दिवसभर सापडायची नाही."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. सांगितलं तर? सांगितलं तर हे दोन वर्षांचे शब्द मास्तरांचे नाहीत हे कळणार. मग मित्र म्हणून मागे काय उरणार? फक्त ते एक वाक्य. आणि मास्तर? बायकोनं आपल्या तोंडात शब्द घातले, गल्लीनं वाखाणला तो मी नव्हेच, हे ज्या दिवशी कळेल त्या दिवशी हा ताठ माणूस मधोमध मोडेल. नाही सांगितलं तर हा कोट उद्या जाईल आणि गल्लीच्या दोन काठांवर दोन म्हातारे एकमेकांकडे पाठ करून मरतील. दोन्हीकडून कात्रीच.

त्यांनी खाली वाकून स्प्रिंग शोधायला सुरुवात केली. सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आले. पायरीवर चपला काढल्या, नेहमीसारख्या भिंतीशी न ठेवता दाराकडे तोंड करून ठेवल्या.

"कोट."

"अर्धवट माल माझ्या दुकानातून जात नाही," मास्तर टेबलाकडे बघत म्हणाले. "घाल. बाहीचं माप बघतो, संध्याकाळी नेशील. मग तू तुझ्या वाटेनं, मी माझ्या."

घड्याळजींनी कोट घातला. आरशापुढे उभे राहिले. पांढरे कच्चे टाके अंगभर, जणू कुणी खडूनं माणूस आखून ठेवलाय. मास्तर मागे उभे, तोंडात टाचण्या. भिंतीवरचं बंद घड्याळ जरा जास्तच बंद वाटत होतं.

"हात वर."

हात वर झाला.

"खाली."

हात खाली आला. मास्तरांनी बाहीला टाचणी लावली. घड्याळजी आरशातूनच म्हणाले, "एवढंच सांग. ते वाक्य लिहिताना तुला माझ्या रिकाम्या घराचा दरवाजा दिसला होता का?"

"कोणतं वाक्य?"

"मास्तर."

"तू मला शिकवू नकोस." टाचण्या मास्तरांनी तळहातावर थुंकल्या. "दोन वर्षं बोलतोय मी असं. तेव्हा गोड लागत होतं? तुझ्या डोक्यात गंजकी स्प्रिंग आहे म्हटलं, तेव्हा म्हणालास, विचार करतो!"

घड्याळजी वळले. "स्प्रिंग? तू असं कधी म्हणालास?"

"शंभरदा!"

"एकदाही नाही. तू चावीबद्दल लिहिलंस. ज्याला चावी देता येत नाही त्याबद्दल. मला तोंडपाठ आहे ते."

"मी? चावी?" मास्तर हसले, पण ते हसू वाकडं होतं. "आता मी काय बोललो तेही तूच सांगणार? खोटारडा! देव नाही म्हणणाऱ्याला खोट्याची काय लाज?"

"आणि देव आहे म्हणणाऱ्याला मेलेल्या बाईची?"

"तिचं नाव घेऊ नकोस!"

"माझी बायको होती ती! मी नाही घ्यायचं नाव?" घड्याळजी कोटाचा गळा ओढायला लागले. "नको मला तुझं काही. तुझा हात लागलेलं काही नको."

"माझा हात नको? मग बाही पण माझीच आहे." आणि मास्तरांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली. त्यांना काय करायचं होतं, हे त्यांनाही ठाऊक नसावं. एका हातानं बाही धरली, दुसऱ्या हातानं पातं खांद्याच्या टाक्यांखाली सरकवलं. घड्याळजी हलले नाहीत. ते आरशातल्या पात्याकडे बघत राहिले. पात्याच्या एका बाजूला बाहेरचं काळं कापड होतं, दुसऱ्या बाजूला करवंदी शाल, आणि तिच्या आत खांदा.

"अंगावर आहे!"

आवाज मास्तरीणबाईंचाच होता, पण तो इतक्या लांबून आला होता की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. मास्तरांनाही आला नाही. त्यांनी कात्री अशी सोडली, जणू कोपऱ्यातून बापच ओरडलाय.

बाई पुढे आल्या. कात्री उचलून त्यांनी खिडकीत ठेवली. "भाऊजी, जरा काढून द्या," म्हणाल्या. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, हळू. घड्याळजींनी हात मागे केले. बाईंनी टाचण्या सांभाळत कोट उतरवला आणि टेबलावर पसरला, आतली बाजू वर. शाल तिघांच्या मधे आली.

"आता बोला काय बोलायचं ते," त्या म्हणाल्या. "आधी मी बोलते. भाऊजी, हे खरं सांगतायत. स्प्रिंग म्हणाले होते, गंजकी म्हणाले होते. रोज काहीतरी म्हणायचे. मी लिहिलं नाही. मी चावीचं लिहिलं. दोन वर्षं तुम्ही वाचलंत ते सगळं मी बेतलेलं होतं. मुद्दा ह्यांचा, शिवण माझी. ह्यांचं स्वतःचं बोलणं तुमच्यापर्यंत एकदाच आलं, त्या दिवशी. आणि ते मी आणलं. मला राग आला होता ह्यांचा, आणि तो मी तुमच्या घरात नेऊन टाकला."

बाहेरून एक सायकल गेली.

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग फोनकडे, मग पुन्हा बायकोकडे. "मग ते... मऊ..."

"ते अस्तर होतं," बाई म्हणाल्या. "बाहेरचं कापड तुमचंच."

घड्याळजी दाराशी जाऊन, खाली वाकून चपला शोधत होते. समोर असूनही त्यांना त्या दिसत नव्हत्या. मास्तरांनी ते बघितलं आणि घाईघाईनं, सवयीनं, हात पुढे करून म्हणाले, "लिही. लिही, की..."

बाईंनी फोन उचलला नाही. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले.

मास्तरांनी आपला घट्टे पडलेला अंगठा बघितला. तो काचेला कळत नव्हता. आता काच नव्हतीच. त्यांनी तो शालीवर ठेवला, जिथं टाके सगळ्यात बारीक होते तिथं. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"दवाखान्याच्या मागं एक बाक होतं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की घड्याळजींना चपला सोडून मान वर करावी लागली. "ती होती तोवर मी रोज तिथं बसायचो. हात जोडून. तुला सांगितलं नाही, तू हसला असतास. हिलाही नाही. मी म्हणायचो, तुला न मानणाऱ्याला काय द्यायचं ते दे, पण ती मानते, तिला ठेव. मी तुझं एवढं केलंय, माझं एवढं ऐक." अंगठा शालीवर हलला. "नाही रे ऐकलं त्यानं. मी अजून रोज विचारतोय, का नाही ऐकलंस. आणि तू त्या दिवशी सगळ्यांसमोर तेच विचारलंस."